नाकावर पन्नास ग्रॅम: स्मार्ट चष्मा कामाचा की मिरवण्याचा?

साध्या चष्म्याचं वजन असतं साधारण २० ते ३० ग्रॅम. मे २०२५ मध्ये भारतात २९,९०० रुपयांपासून विकायला आलेला, फेसबुकवाल्या मेटा कंपनीचा रे-बॅन मेटा चष्मा भरतो सुमारे ५० ग्रॅम. मधला फरक पोळीच्या एका लाटीपेक्षाही कमी. तेवढ्या वजनात १२ मेगापिक्सेलचा कॅमेरा, पाच माइक, दोन स्पीकर, प्रोसेसर, ३२ जीबी साठवण, ब्लूटूथ, वायफाय आणि बॅटरी बसवलेली आहे. कारागिरी म्हणून ही कमाल आहे, यात वाद नाही. पण कमाल वाटणारी वस्तू रोज वापरली जाईलच असं नाही. अनेक घरांत फूड प्रोसेसर माळ्यावर आणि पाटा-वरवंटा ओट्याजवळ असतो.

स्मार्ट चष्मा तुमच्या कामाचा आहे की नाही हे दोन गोष्टींवर ठरतं: नाक किती वजन सोसतं, आणि त्या क्षणी तुमचे हात कशात अडकलेले आहेत. बाकी सगळं जाहिरातीत असतं.

एक नाव, चार वस्तू

‘स्मार्ट चष्मा’ म्हणून जे विकलं जातं त्यात चार अगदी निरनिराळ्या वस्तू आहेत, आणि निम्मा गोंधळ तिथेच होतो. पहिल्या प्रकारात काड्यांमध्ये फक्त स्पीकर आणि माइक असतात. हा चष्म्याच्या रूपातला हेडफोन. दुसऱ्यात त्याच्या जोडीला कॅमेरा येतो. रे-बॅन मेटा या प्रकारातला. याच्या काचेत काहीही दिसत नाही, काच साधीच असते. दुकानात तो डोळ्यांवर लावून “चालू नाही वाटतं” म्हणणारी माणसं असतात, ती यामुळे.

तिसरा प्रकार म्हणजे ज्याच्या काचेत अक्षरं किंवा चित्रं दिसतात. सप्टेंबर २०२५ मध्ये अमेरिकेत ७९९ डॉलरला आलेला मेटा रे-बॅन डिस्प्ले हा त्यातला, आणि कॅमेराच नसलेला, फक्त हिरवी अक्षरं दाखवणारा इव्हन रिअ‍ॅलिटीज जी१ हाही त्यातलाच. चौथा प्रकार फोनला किंवा लॅपटॉपला वायरने जोडायचा. एक्सरीअलचे चष्मे असे आहेत. ट्रेनमध्ये बसून मोठ्या पडद्यावर सिनेमा बघायला ते ठीक, लावून रस्त्याने चालायला नाहीत. त्यांचा विषय इथेच सोडू. अ‍ॅपलचं व्हिजन प्रो तर ६०० ग्रॅमच्या वर जातं. तो मुखवटा झाला, चष्मा नव्हे.

डोकं चष्म्यात नसतं

“हे झाड कोणतं?” असं चष्म्याला विचारलं की तो उत्तर देतो, म्हणून चष्मा हुशार वाटतो. प्रत्यक्षात तो हॉटेलातल्या वेटरसारखा असतो: ऑर्डर घेतो, आत नेऊन देतो, ताट आणून ठेवतो. स्वयंपाक दुसरीकडे होतो.

क्रम असा. माइक तुमचा आवाज पकडतो, कॅमेरा एक फोटो काढतो. दोन्ही ब्लूटूथ किंवा वायफायने खिशातल्या फोनकडे जातात. फोनमधलं अ‍ॅप ते इंटरनेटवरून कंपनीच्या सर्व्हरकडे पाठवतं. तिथला एआय उत्तर तयार करतो, आणि ते त्याच वाटेने उलट येऊन तुमच्या कानात बोललं जातं. नेटवर्क चांगलं असेल तर यात काही सेकंद जातात. रेंज गेली की उरतात फक्त कॅमेरा आणि स्पीकर. वरंधा घाटात थांबून समोरच्या किल्ल्याचं नाव चष्म्याला विचारण्यापेक्षा चहाच्या टपरीवाल्याला विचारलेलं बरं.

याचे तीन परिणाम लक्षात ठेवा. फोन घरी ठेवला तर चष्मा फोटो-व्हिडिओ टिपेल, पण प्रश्नांची उत्तरं देणार नाही. फोनची बॅटरीही खर्च होते. आणि तुम्ही ज्याच्याबद्दल प्रश्न विचारला त्याचा फोटो कंपनीच्या यंत्रणेपर्यंत पोचतो.

नाकाचा हिशेब

फोन जड झाला तर खिशाची तक्रार नसते. चष्मा १० ग्रॅमने जड झाला तरी संध्याकाळपर्यंत नाकाच्या दोन्ही बाजूंना वळ उठतात. घाम आला की तो घसरतो, आणि दर पाच मिनिटांनी बोटाने वर सारावा लागतो. त्यामुळे स्मार्ट चष्मा बनवणाऱ्यांचं सगळं गणित ग्रॅममध्ये चालतं. पडदा घातला तर बॅटरी मोठी हवी, बॅटरी वाढली तर वजन वाढणार. मेटाच्या पडदेवाल्या चष्म्याचं वजन ६९ ग्रॅम झालं ते असं.

बॅटरीचे आकडे पाहिले की गोष्ट चटकन कळते. २०२३ च्या रे-बॅन मेटामध्ये सुमारे १५० मिलीअँपिअर-तासांची बॅटरी आहे. ऊर्जेत सांगायचं तर जेमतेम ०.६ वॅट-तास. आजच्या साध्या फोनमध्ये ५,००० मिलीअँपिअर-तास, म्हणजे १९ वॅट-तासांच्या आसपास असतात, तीसपटीहून जास्त. घरातला ९ वॅटचा एलईडी बल्ब चष्म्याच्या बॅटरीवर लावला तर ४ मिनिटांत विझेल. एवढ्याशा ऊर्जेवर कंपनी ४ तास सांगते, याचा अर्थ सरासरी खर्च ०.१५ वॅट ठेवावा लागतो. अधूनमधून एखादा फोटो, एखादं गाणं, एखादा प्रश्न असा वापर केला तर हे जमतं. सलग व्हिडिओ घेतला तर काटा झरझर खाली येतो. सप्टेंबर २०२५ मध्ये आलेल्या दुसऱ्या पिढीसाठी कंपनी ८ तास सांगते. ती सुधारणा मोठी आहे, पण तिच्यातही ‘अधूनमधून’ हा शब्द गृहीत धरलेला असतो.

मग मोठी बॅटरी का घालत नाहीत? वजन हे एक कारण, उष्णता हे दुसरं. प्रोसेसर कानशिलाला टेकलेल्या काडीत बसलेला असतो. फोन हातात गरम झाला तर बाजूला ठेवता येतो. कानशिलाला ४३-४४ अंशांचा चटका फार वेळ सोसवत नाही. म्हणून चष्मा तापला की तो आपणहून व्हिडिओ थांबवतो. मे महिन्यात अकोला, चंद्रपूरकडे बाहेरची हवाच ४५ अंशांवर जाते. चष्म्याने आपली उष्णता टाकायची कुठे? शिवाय बहुतेक लिथियम बॅटऱ्या ४५ अंशांच्या वर चार्ज करू नयेत असंच त्यांचे उत्पादक सांगतात. उन्हात उभ्या गाडीच्या डॅशबोर्डवर चार्जिंगच्या डबीसकट चष्मा ठेवून जाणं म्हणजे बॅटरीचं आयुष्य आपल्या हाताने कमी करणं.

आयुष्याचाही हिशेब करा. लिथियम बॅटरी साधारण ५०० वेळा पूर्ण भरून रिकामी झाली की तिची क्षमता ८० टक्क्यांच्या आसपास उतरते. बॅटरी छोटी असल्याने जास्त वापरणारा माणूस दिवसातून दोनदा चार्ज करतो, म्हणजे ही पायरी आठ-नऊ महिन्यांतच येते. या चष्म्यांची काडी चिकटवून बंद केलेली असते. गल्लीतला मोबाईल रिपेअरवाला ती उघडून बॅटरी बदलून देऊ शकत नाही. साधी फ्रेम चार वर्षं आरामात टिकते.

काचेत अक्षरं उमटतात कशी?

तिसऱ्या प्रकारच्या चष्म्यातली खरी अवघड गोष्ट ही आहे, आणि किंमत वाढते तीही इथेच.

पहिली अडचण डोळ्याची. मोठ्या माणसाच्या डोळ्याला साधारण २५ सेंटिमीटरच्या अलीकडचं नीट दिसत नाही. चष्म्याच्या काचेवर पावसाचा थेंब पडला तर थेंब दिसत नाही, नुसता धुकट डाग दिसतो. काचेवर थेट अक्षरं लिहिली तर त्यांचंही तेच होईल. म्हणून अक्षरांचा प्रकाश भिंगातून असा वळवावा लागतो की डोळ्याला ती मीटर-दोन मीटर लांब, हवेत तरंगत असल्यासारखी वाटावीत.

दुसरी अडचण जागेची. हे चित्र तयार करणारा चिमुकला प्रोजेक्टर डोळ्यासमोर ठेवला तर समोरचं दिसणार नाही. तो काडीच्या टोकाशी ठेवायचा आणि प्रकाश काचेच्या आतून डोळ्यासमोर आणायचा. या कामासाठी बनवलेल्या काचेला वेव्हगाइड म्हणतात, म्हणजे प्रकाशाला वाट दाखवणारी काच. माशांच्या टाकीत खालून वर पाहिलं तर पाण्याचा पृष्ठभाग आरशासारखा चमकतो. तिरपा आलेला प्रकाश बाहेर न पडता पुन्हा आत फेकला जातो. इंटरनेटच्या फायबर केबलमध्येही हेच होतं. चष्म्याच्या काचेत प्रकाश असाच दोन पृष्ठभागांमध्ये टप्पे घेत पुढे सरकतो. डोळ्यासमोर आल्यावर त्याला बाहेर काढण्यासाठी काचेत एकतर अतिसूक्ष्म चरे असतात किंवा तिरपे, अर्धवट आरसे.

चऱ्यांच्या पद्धतीत प्रकाशाची फार नासाडी होते. १०० भाग सोडले तर डोळ्यापर्यंत अनेकदा एखाददुसराच भाग पोचतो. शिवाय सीडीवर जसे इंद्रधनुष्याचे रंग दिसतात तसे रंग काचेवरही उमटतात, विशेषतः रात्री समोरून गाडीचे दिवे आले की. तिरप्या आरशांमध्ये नासाडी कमी, पण ते बनवणं कठीण आणि महाग.

आता भर दुपारची गोष्ट घ्या. उन्हात ठेवलेला पांढरा कागद सुमारे ३०,००० निट इतका उजळ असतो. निट हे पडद्याचा उजेड मोजायचं एकक. दिवाणखान्यातला टीव्ही काहीशे निटचा असतो. मेटाचा पडदा जास्तीत जास्त ५,००० निटपर्यंत जातो, आणि जोडीला उन्हात काळी होणारी काच दिलेली आहे. सावलीत हे छान चालतं. पांढऱ्या भिंतीसमोर किंवा वाळूवर मात्र अक्षरं फिकी पडतात. आणखी एक मेख अशी की या काचा अतिनील किरणांनी काळ्या होतात, आणि गाडीची पुढची काच ते किरण बहुतांश अडवते. म्हणजे गाडीत बसल्यावर ऊन तितकंच, पण काच पांढरीच.

असा पारदर्शक पडदा काळा रंग दाखवूच शकत नाही. तो समोरच्या दृश्यात प्रकाशाची भर घालतो, दृश्यातला प्रकाश पुसत नाही. काळं म्हणजे त्याच्यासाठी आरपार. जाहिरातीत टेबलावर ठसठशीत, भरीव डायनोसॉर उभा दिसतो ना, तो प्रत्यक्षात भुतासारखा पारदर्शक असतो. अनेक चष्म्यांत फक्त हिरवी अक्षरं असतात, तेही याच काटकसरीतून: माणसाचा डोळा हिरव्या प्रकाशाला सगळ्यांत जास्त संवेदनशील आहे, त्यामुळे कमी विजेत तो जास्त उठून दिसतो.

चित्र केवढं दिसतं? हात समोर पूर्ण लांब करा आणि अंगठा-करंगळी ताणून वीत करा. मेटाच्या चष्म्यातलं चित्र कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तेवढं, म्हणजे २० अंश, आणि तेही फक्त उजव्या डोळ्यात. दोन्ही डोळ्यांनी मिळून आपल्याला आडवं सुमारे २०० अंश दिसतं, त्यातली ही वीत. मेसेज, वळणाचा बाण, दोन ओळींचं भाषांतर यांना ती पुरते. सिनेमाला पुरत नाही.

शेवटचा मुद्दा बसण्याचा. दाराच्या पीपहोलला डोळा नेमका लावला तरच बाहेरचा माणूस दिसतो. जरा सरकलात की काठ कापला जातो. पडदेवाल्या चष्म्याचं तसंच आहे. नाकाचा घाट, दोन डोळ्यांमधलं अंतर, घामाने घसरलेली फ्रेम, यातलं काहीही बिघडलं तर खालची ओळ गायब होते. म्हणून असा चष्मा डोळ्यांवर लावून न बघता ऑनलाइन मागवू नये.

“गूगलने हे करून पाहिलं होतं ना?”

हो, आणि ते प्रकरण नुसतं ‘काळाच्या पुढे होतं’ म्हणून सोडून देण्यासारखं नाही. गूगल ग्लास २०१३ मध्ये निवडक लोकांना १,५०० डॉलरला मिळू लागला आणि जानेवारी २०१५ मध्ये त्याची सर्वसामान्यांसाठीची विक्री थांबली. उजव्या डोळ्याच्या वर एक लोलक, ५ मेगापिक्सेलचा कॅमेरा, आणि व्हिडिओ सुरू केला तर तासाभरात मान टाकणारी बॅटरी. दिसायला तो चष्मा नव्हताच, चेहऱ्यावर अडकवलेलं उपकरण होतं. सिअ‍ॅटलमधल्या एका बारने तर तो बाजारात नीट येण्याआधीच त्यावर बंदीची पाटी लावली. पण लोकांना नेमकं खटकलं काय, तर समोरच्याचा कॅमेरा चालू आहे की बंद, हे कळायला मार्ग नव्हता.

२०१६ मध्ये स्नॅपचॅटवाल्या स्नॅप कंपनीने १३० डॉलरचे कॅमेरावाले गॉगल काढले. सुरुवातीला रांगा लागल्या, आणि पुढच्याच वर्षी न विकलेल्या मालापायी कंपनीला सुमारे ४ कोटी डॉलरचा फटका सोसावा लागला. इथे लोकांचा आक्षेप नव्हता, लोकांना कंटाळा आला. महिनाभर गंमत, मग खणात रवानगी.

रे-बॅन मेटाने यातून धडा घेतला तो सरळ आहे: आधी चष्मा चांगला दिसला पाहिजे. फ्रेम बनवणाऱ्या एसिलोरलुक्सॉटिका कंपनीने फेब्रुवारी २०२५ मध्ये जाहीर केलं की ऑक्टोबर २०२३ पासून असे २० लाख चष्मे विकले गेले. विकलेले चष्मे किती आणि सहा महिन्यांनी लोकांच्या नाकावर असलेले किती, यातला फरक मात्र आकडा सांगत नाही.

हात अडकलेले असतात तिथे

गूगल ग्लासची दुसरी पाळी लोकांना फारशी ठाऊक नसते. २०१७ मध्ये तो कारखान्यांसाठी परत आला आणि मार्च २०२३ पर्यंत विकला गेला. त्याच्याही आधी नेदरलँड्समध्ये मालवाहतूक करणारी डीएचएल आणि तिची ग्राहक कंपनी रिको यांनी एका गोदामात दहा कामगारांवर तीन आठवडे असे चष्मे वापरून पाहिले. हातात कागदाची यादी धरून माल काढायचा तर प्रत्येक वस्तूला मान खाली, ओळ शोधा, रॅक शोधा, वस्तू काढा, पेनने टिक करा. चष्म्यात रॅकचा क्रमांक आणि नग डोळ्यासमोरच दिसतात, बारकोडही चष्म्याचा कॅमेरा वाचतो, दोन्ही हात खोक्यासाठी मोकळे राहतात. काम २५ टक्क्यांनी वेगवान झाल्याचं डीएचएलने सांगितलं. आकडा कंपनीचा स्वतःचा आहे आणि तीन आठवडे हा फार लहान काळ आहे, हे ध्यानात ठेवूनच तो वाचायचा. तरी वेग का वाढतो ते कुणालाही पटेल.

चाकण किंवा वाळूजच्या एखाद्या कारखान्याने असा विचार केला तर अडचण कुठे येईल? बहुधा चष्म्यात नाही. पत्र्याच्या शेडमध्ये वायफाय कोपऱ्याकोपऱ्यात पोचत नाही. शिफ्ट बदलली की एकाच्या घामाचा चष्मा दुसऱ्याने लावायचा, म्हणजे दर वेळी पुसणं, निर्जंतुक करणं आलं. नंबरचा चष्मा असलेल्या कामगाराने तो कुठे लावायचा? आणि सगळ्यांत खर्चिक काम म्हणजे कंपनीची स्टॉकची जुनी प्रणाली चष्म्याशी जोडणं. म्हणून अनेक उद्योग चष्म्याऐवजी हेल्मेटवर बसणारं रिअलवेअरसारखं उपकरण घेतात. त्यात बॅटरी मोठी मावते, वजन डोक्यावर जातं, नाक सुटतं. दिसायला ओबडधोबड, पण पॅनेलसमोर उभ्या असलेल्या टेक्निशियनला दिसण्याशी काय देणंघेणं? दुसऱ्या शहरातला वरिष्ठ अभियंता त्याच्या कॅमेऱ्यातून बघतो आणि “डावीकडची दुसरी वायर” असं सांगतो, एवढं झालं की पैसे वसूल.

मला स्वतःला सगळ्यांत पटणारा उपयोग मात्र वेगळा आहे. पांढरी काठी घेऊन चालणाऱ्या माणसाचा एक हात कायम गुंतलेला असतो आणि दुसरा कठड्यासाठी मोकळा हवा असतो. त्याने फोन काढून, कॅमेरा पाटीच्या दिशेने नेमका धरून फोटो घ्यावा ही अपेक्षाच अन्यायाची आहे. चष्म्याचा कॅमेरा मान वळते तिकडे बघतो. डेन्मार्कमध्ये सुरू झालेली ‘बी माय आइज’ ही सेवा २०२४ च्या अखेरीपासून रे-बॅन मेटावर चालते: दृष्टिहीन व्यक्ती आवाजाने सांगते, दूर कुठेतरी बसलेला स्वयंसेवक कॅमेऱ्यातून पाहून वाचून दाखवतो. आपल्याकडे बंगळुरूच्या एसएचजी टेक्नॉलॉजीजने दृष्टिहीनांसाठीच बनवलेला ‘स्मार्ट व्हिजन’ चष्मा आहे, तो मजकूर वाचून दाखवतो.

इथेही धोके आहेत. औषधाच्या पट्टीवरची मुदत वाचताना एआय चुकू शकतो, आणि चुकताना त्याचा आवाज तितकाच ठाम असतो. रस्ता ओलांडताना तर त्याच्यावर विसंबूच नये. उत्तर यायला लागणाऱ्या त्या काही सेकंदांत रिक्षा येऊन गेलेली असते. औषधासाठी आणि पैशासाठी माणसाचा डोळा, दुकानाच्या पाटीसाठी एआय, अशी वाटणी बरी.

“खिशात मोबाईल आहे, मग हे कशाला?”

बहुतेकांसाठी हा आक्षेप बिनतोड आहे. हात मोकळे असतील तेव्हा फोन जवळजवळ प्रत्येक कामात सरस ठरतो: पडदा मोठा, टायपिंग गुपचूप, कॅमेऱ्यात झूम. गर्दीच्या लोकलमध्ये चष्म्याशी मोठ्याने बोलून मेसेज पाठवणं म्हणजे अख्ख्या डब्याला आमंत्रण. मेटाच्या पडदेवाल्या चष्म्यासोबत मनगटावरचा पट्टा देतात तो यासाठीच. बोटं हलवताना मनगटाच्या स्नायूंत उठणारे विजेचे क्षीण संकेत तो वाचतो. चष्म्याची अडचण सोडवायला मनगटावर आणखी एक चार्ज करायची वस्तू आली.

पारडं फिरतं ते लहानसहान क्षणांत. रांगणाऱ्या बाळाला दोन्ही हातांनी धरलेलं असताना त्याचा फोटो. कणीक मळताना आलेला फोन. बाजारात दोन्ही हातांत पिशव्या असताना यादीतला पुढचा जिन्नस. ज्याच्या दिवसात असे क्षण खूप, त्याला दुसऱ्या प्रकारचा चष्मा आवडतो. कानात इअरफोन न घालता गाणं ऐकू येतं हीही सोय खरी, पण हे स्पीकर कानाबाहेर असतात. सिंहगड रोडच्या वाहतुकीत त्यांचा आवाज बुडतो.

दुचाकीवर रस्ता दाखवायला पडदेवाला चष्मा उत्तम, असं सांगणारे भेटतील. ताशी ६० किलोमीटर वेगाने गाडी दोन सेकंदांत ३३ मीटर जाते. डोळे रस्त्याकडे असले तरी लक्ष मेसेजमध्ये असेल तर ते ३३ मीटर आंधळेच असतात. मोटार वाहन कायद्यात हातात धरलेल्या उपकरणाचा उल्लेख आहे आणि चष्मा हातात नसतो, ही पळवाट म्हणून कुणी सुचवली तर ऐकू नका.

समोरच्या माणसाचं काय?

फोन वर उचलला की फोटो काढला जातोय हे आजूबाजूच्यांना कळतं. ती उचलण्याची क्रिया हीच सूचना असते. चष्म्यात ती नाहीशी होते, म्हणून कॅमेऱ्याजवळ छोटा पांढरा दिवा देतात. त्याच्यावर चिकटपट्टी लावली तर कॅमेरा सुरू होत नाही, इथवर कंपनीने विचार केला आहे. तरीही दिवाच निकामी करून देणारे लोक निघाले, आणि भर उन्हात चार मीटरवरून तो दिवा कुणाच्या लक्षात येणार?

२०२४ मध्ये हार्वर्डच्या दोन विद्यार्थ्यांनी दाखवून दिलं की या चष्म्यातून येणारा व्हिडिओ चेहरा शोधणाऱ्या संकेतस्थळाला जोडला तर रस्त्यावरच्या अनोळखी माणसाचं नाव, पत्ता अशी माहिती मिनिटभरात निघू शकते. ओळख पटवणारं तंत्र चष्म्यात नव्हतं, आधीपासून इंटरनेटवर होतं. चष्म्याने ते कुणाला न कळता वापरायची सोय केली.

आपल्याकडे हा प्रश्न देवळाच्या दारात आधी आला. जानेवारी २०२५ मध्ये अयोध्येच्या राम मंदिरात आणि जुलैमध्ये तिरुवनंतपुरमच्या पद्मनाभस्वामी मंदिरात कॅमेऱ्याचे चष्मे घातलेल्या भाविकांना पोलिसांनी अडवलं. सुरक्षारक्षक फोन जमा करून घेतात, चष्मा काढा असं सहसा कुणाला म्हणत नाहीत.

कायदा काय म्हणतो? भारतीय न्याय संहितेचं कलम ७७ स्त्रीचं खासगी कृत्य चोरून बघण्याला आणि टिपण्याला गुन्हा ठरवतं. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा २०२३ चा कायदा मात्र खासगी किंवा घरगुती कारणासाठी माहिती हाताळणाऱ्या व्यक्तीला लागू होत नाही. म्हणजे बसस्टॉपवर उभ्या माणसाचं कुणी स्वतःपुरतं चित्रण केलं तर त्याला थेट या कायद्याचा आधार फारसा नाही. माझ्या मते या वस्तूचं खरं दुखणं हे आहे. बॅटरी दरवर्षी सुधारेल. “तुमचा चष्मा काढा” असं पाहुण्याला सांगायची वेळ यावी, ही अडचण सुधारणारी नाही.

घ्यायचाच असेल तर

आधी नंबर बघा. रे-बॅन मेटाच्या पहिल्या पिढीत कंपनी उणे ६ ते अधिक ४ एवढ्याच नंबरच्या काचा देते. पडदेवाल्यात ही मर्यादा उणे ४ ते अधिक ४ आहे. नंबरच्या काचांचे पैसे वेगळे. काचा बाहेरून बसवल्या तर वॉरंटीचं काय, हे दुकानदाराकडून बिलावर लिहून घ्या.

मग दुकानातच वीस मिनिटं लावून बसा, दोन मिनिटं नव्हे. या काड्यांच्या आत वायरी असल्याने ऑप्टिशियन त्या गरम करून वाकवून देऊ शकत नाही. जशी बसली तशीच बसणार. आणि पुढे कधीही चष्मा स्वच्छ करायला नेलात तर ऑप्टिशियनच्या त्या गुरगुरणाऱ्या पाण्याच्या यंत्रात तो टाकू देऊ नका, सवयीने टाकतात.

पाण्याबाबत यांचा दर्जा असतो आयपीएक्स ४, म्हणजे उडालेले शिंतोडे चालतील. कोकणातला जुलै महिना हा शिंतोड्यांत मोडत नाही. चार्जिंगच्या धातूच्या टिकल्या नाकाजवळ असतात, तिथे घामाचं मीठ साचून चार्जिंग अडतं. डबीत ठेवण्याआधी कोरड्या मऊ कापडाने ती जागा रोज पुसायची. बिजागरीतून जाणारी पातळ पट्टी उघडझाप करून थकते, तेव्हा एका हाताने काडी ओढून चष्मा काढायची सवय मोडावी लागेल.

भाषेचं आधी तपासा. भारतात आला तेव्हा या चष्म्याचं थेट भाषांतर इंग्रजी, फ्रेंच, इटालियन आणि स्पॅनिशपुरतं होतं. हिंदीत बोलण्याची सोय २०२५ च्या शेवटच्या महिन्यांत आली. दुकानात अ‍ॅप उघडून मराठी आहे का ते स्वतः पाहा. फोनमधली नावं कशी उच्चारतो तेही ऐका. ‘ज्ञानेश्वर काकांना फोन लाव’ एवढं त्याला समजलं तर पुढचं बोलू.

आणि साध्या काचांचा, त्याच नंबरचा एक चष्मा पिशवीत ठेवा. परीक्षेच्या हॉलमध्ये, मंदिरात, पोहण्याच्या तलावाच्या कपडे बदलायच्या खोलीत, किंवा बॅटरी संपल्यावर नाकावरचं ओझं नकोसं झालं की, तोच लावावा लागणार आहे.